आठवी पास बिग ट्रेन

सेकंड इयरचा निकाल लागला आणि मला वाय.डी. लागला. वाय.डी. म्हणजे इयर डाऊन, हे फक्त फर्स्ट इयरच्या पोरांसाठी सांगतोय, बाकीच्यांना सांगायची गरज नाही. कारण विचाराल तर एकच, व्हॉलीबॉल. झोनलला गेलो, तिथून इंटरझोनल, मध्ये दोन ओपन टुर्नामेंट. परत आलो तोवर सबमिशन संपलेलं, टर्मवर्कची बोंब, आणि हजेरीच्या यादीत माझ्या नावापुढे लाल रेघ.

वाय.डी.वाल्याला हॉस्टेलची रूम मिळत नाही. त्यामुळे ते वर्ष मी मित्राच्या रूमवर पॅरासाइट म्हणून काढलं. (रेक्टर सर, आता जुनं झालं, माफी असावी.) माझे वडील उसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर चालवतात. निकाल फोनवर सांगितला तेव्हा ते ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. फक्त फी पुन्हा भरावी लागेल का, एवढंच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याच रात्री मी बूट पिशवीत घालून कॉटखाली सरकवले आणि ठरवलं, खेळ बंद.

वाय.डी.मध्ये वेळच वेळ असतो. कॅन्टीनमध्ये किती बसणार? म्हणून लायब्ररीत जायला लागलो. एकदा काँक्रीटच्या इतिहासावर काहीतरी शोधायला म्हणून एका जुन्या विश्वकोशाचा सी अक्षराचा जाड खंड काढला. पानं उलटताना काँक्रीटच्या थोडं अलीकडे एक नाव दिसलं, लायनेल कॉनाकर. कॅनडाचा खेळाडू आणि नंतर खासदार. मजकूर मोजून काही ओळींचा, पण त्यात आइस हॉकी होती, फुटबॉल होता, लॅक्रॉस, बेसबॉल, बॉक्सिंग, कुस्ती, सगळं एकाच माणसाच्या नावावर. मला वाटलं छपाईची चूक असेल, चार-पाच कॉनाकर एकत्र झाले असतील. नंतर नेटवर, मिळेल तिथे वाचत गेलो. चूक नव्हती. माणूस एकच होता. काँक्रीट तिथेच राहिलं आणि ते अख्खं वर्ष मी या माणसाच्या मागे लागलो. त्याचीच ही गोष्ट.

लायनेलचा जन्म २४ मे १९०० चा, टोरोंटो शहरातला. त्याचं मधलं नाव प्रिटोरिया. हो, दक्षिण आफ्रिकेतलं शहर. तेव्हा तिकडे बोअर युद्ध चालू होतं, ब्रिटिश साम्राज्यातली म्हणून कॅनडाची माणसंही लढायला गेली होती आणि पेपरात रोज ही गावं छापून येत होती. त्यातलं एक नाव पोराला चिकटलं. घरात दहा मुलं, पाच भाऊ आणि पाच बहिणी, आणि भावांमध्ये हा थोरला. वडील घोडागाडीवर मालवाहतूक करायचे. हिवाळ्यात तेवढ्यावर भागत नसे, म्हणून मैदानातल्या उघड्या बर्फावर पडलेला ताजा भुसभुशीत बर्फ घोड्याच्या नांगराने बाजूला सारायचं काम ते घ्यायचे.

हे जरा समजावून सांगतो, कारण आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. टोरोंटोत हिवाळ्यात पाणी गोठतं. मैदानात पाणी सोडलं की रात्रीत त्याची कडक लादी होते. त्या लादीवर पायात पोलादी पात्याचे स्केट घालून जो हॉकीचा प्रकार खेळतात तो आइस हॉकी. चेंडूच्या जागी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण, आणि धक्काबुक्की कायदेशीर. कॅनडात हा खेळ म्हणजे आपल्याकडचं क्रिकेटच. आता गंमत बघा. लायनेलचे वडील ज्या लाद्या साफ करत होते त्यावर दुसऱ्यांची पोरं खेळत होती. त्यांच्या स्वतःच्या पोराला स्केट मिळायला वयाची सोळा वर्षं लागली. जो पुढे या खेळाचा नामांकित व्यावसायिक खेळाडू झाला, तो सोळाव्या वर्षी पहिल्यांदा स्केटिंग शिकला! तिथली पोरं चालायला लागली की दोन-तीन वर्षांत स्केटवर असतात.

शाळा आठवीपर्यंत झाली. त्या शाळेचे मुख्याध्यापक खेळवेडे होते. मुलगा मैदानात असला की गल्लीत भानगडी करत नाही, असं त्यांचं साधं गणित होतं, आणि कॉनाकर भावंडं त्यांच्याकडेच खेळायला शिकली. पण आठवीनंतर लायनेलने शाळा सोडली. घरी खाणारी तोंडं बारा. तो गवताच्या लाद्या वाहून न्यायच्या कामावर लागला, दिवसाला दहा तास, आठवड्याला एक डॉलर. कामावरून सुटला की मैदानात. त्याच्या डोक्यात तेव्हाच एक गोष्ट पक्की बसली होती, की या गल्लीतून बाहेर पडायचा एकच रस्ता आहे आणि तो मैदानातून जातो.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. मी खेळत होतो ते मजा येते म्हणून, टीमचं ट्रॅकसूट मिळतं म्हणून, गॅदरिंगला स्टेजवर बोलावतात म्हणून. हा पोट भरायचं साधन म्हणून खेळत होता, आणि तरी मजा घेत होता.

सोळाव्या वर्षी तो आपल्या वजनगटात ओंटारिओ प्रांताचा कुस्ती विजेता झाला. विसाव्या वर्षी कॅनडाचा लाइट हेवीवेट बॉक्सिंग विजेता. पुढे जगज्जेत्या जॅक डेम्प्सीशी त्याची एक प्रदर्शनीय लढतही झाली. १९२० मध्ये त्याच्या ज्युनिअर आइस हॉकी संघाने मेमोरियल कप जिंकला, तोही स्केटिंग शिकल्यापासून चारच वर्षांत. लॅक्रॉस हा त्याचा आणखी एक आवडता खेळ. हा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचा मूळ खेळ, टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा. १९२२ मधला त्याचा एक दिवस तर मला अजून खरा वाटत नाही. दिवसा बेसबॉलमध्ये टोरोंटो शहराची अंतिम मॅच होती. शेवटच्या डावात त्याच्या फटक्याने संघ जिंकला. तिथून तो थेट दुसऱ्या मैदानावर गेला, लॅक्रॉसच्या प्रांतीय फायनलला, आणि तिथे चार गोल केले. एका दिवसात दोन खेळांची दोन अजिंक्यपदं. आपल्याकडे एका दिवसात दोन ओरल असल्या तर आपण युनिव्हर्सिटीच्या नावाने शंख करतो.

फुटबॉलमध्येही तसंच. हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो नव्हे, रग्बीच्या जातीचा, अंडाकृती चेंडूचा. ३ डिसेंबर १९२१ ला ग्रे कपची फायनल झाली. कॅनडाच्या पूर्वेचा संघ आणि पश्चिमेचा संघ या कपासाठी समोरासमोर यायची ती पहिलीच वेळ. टोरोंटो आर्गोनॉट्सने एडमंटनला २३-० असं हरवलं आणि त्यातले १५ गुण एकट्या कॉनाकरचे. तेवढ्यावर भागलं असेल असं वाटलं? नाही. मॅच संपायच्या आधीच हा गडी मैदान सोडून निघाला, कारण त्याच दिवशी त्याची आइस हॉकीची मॅच होती!

आता एक गोष्ट विचित्र वाटेल. एवढ्या गरीब घरातला पोरगा, पण व्यावसायिक आइस हॉकी क्लबांनी हजारो डॉलरची ऑफर दिली तेव्हा त्याने नाही म्हटलं. टोरोंटोच्या क्लबाला नाही, माँट्रिअलच्या क्लबालाही नाही. याचं कारण त्या काळच्या नियमांत होतं. हौशी खेळाडू आणि पैसे घेऊन खेळणारा खेळाडू, अशा दोन जातीच होत्या म्हणा ना. एका खेळात पैसे घेतले की सगळ्या हौशी खेळांची दारं बंद. म्हणजे हॉकीचे पैसे घेतले तर फुटबॉल गेला, लॅक्रॉस गेला. त्याने घाई केली नाही. आपल्या किमतीचा अंदाज असलेला माणूस होता तो.

१९२३ मध्ये तो अमेरिकेत पिट्सबर्गला गेला. तिथला यलो जॅकेट्स संघ कागदोपत्री हौशी होता, पण त्यांनी त्याला इन्शुरन्स कंपनीत नोकरी दिली आणि शिक्षणाचा खर्च उचलला. आणि इथे माझ्यासाठी या गोष्टीतला सगळ्यात मोठा प्रसंग येतो. आठवीनंतर शाळा सोडलेला, देशभर नाव झालेला, तेविशीचा हा दांडगा माणूस पेनसिल्व्हेनियातल्या बेलफाँट अकॅडमी नावाच्या शाळेत जाऊन बसला. राहिलेलं शालेय शिक्षण घ्यायला. आजूबाजूला आपल्याहून कितीतरी लहान पोरं. तिथून पुढे ड्युकेन युनिव्हर्सिटीत. तिथे तो फुटबॉलही खेळला, ते ओघाने आलंच. पण त्याच्या मनात शिकायची भूक नसती तर फक्त पैसे आणि नोकरी घेऊन तो मोकळा झाला असता.

मला तेव्हा ज्युनिअर बॅचबरोबर पुन्हा त्याच बेंचवर बसायची लाज वाटत होती. प्रॅक्टिकलला माझ्याहून वर्षाने लहान पोरगा ग्रुप लीडर, आणि मी त्याच्याकडे रीडिंग मागतोय. ते पान वाचलं आणि मनातल्या मनात हसलो. तेविसाव्या वर्षी हा माणूस शाळकरी पोरांत बसला, मला एकविसाव्या वर्षी एका वर्षाच्या फरकाने काय होणार होतं?

यलो जॅकेट्सने १९२४ आणि १९२५ अशी दोन वर्षं अमेरिकेचं हौशी अजिंक्यपद मिळवलं, कॉनाकर कॅप्टन. मग १९२५ मध्ये पिट्सबर्गला एन.एच.एल. म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये जागा मिळाली, संघाचं नाव पायरेट्स झालं आणि कॉनाकर अखेर व्यावसायिक झाला. त्या नव्या संघाचा लीगमधला पहिला गोल त्याचाच. १९२६ च्या उन्हाळ्यात तो टोरोंटोच्या व्यावसायिक बेसबॉल संघात होता आणि तो संघही त्या वर्षी विजेता ठरला.

इथवर सगळं चढतं आहे. आता उतार. १९२६ च्या अखेरीस त्याला न्यूयॉर्क अमेरिकन्स संघाला देऊन टाकलं. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती आणि या संघाचा मालक बिल ड्वायर हा चोरट्या दारूच्या धंद्यातला बडा माणूस. म्हणजे शहरात दारूबंदी आणि संघात महापूर! कॉनाकर त्यात वाहवला. एका मोसमात तो खेळाडूही होता आणि कोचही, पण पिणं इतकं वाढलं की खेळ घसरत गेला. आठवीतल्या पोराने डॉलर-डॉलर जोडत जे कमावलं होतं ते बाटलीत जायला लागलं.

त्याला वाचवलं दोन गोष्टींनी. घरात पहिलं अपत्य आलं आणि १९३० मध्ये त्याची माँट्रिअल मरून्स संघात बदली झाली. त्याने दारू सोडली. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको, आपल्या डोळ्यांसमोर चांगली चांगली पोरं वाहवत जाताना आपण पाहतो. मी उपदेश करणार नाही. फक्त एवढंच लिहितो, की ज्याचा शरीरावर इतका ताबा होता त्या माणसालाही हे जड गेलं होतं.

मरून्समध्ये त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. तेव्हा मंदीचा काळ, आणि हिवाळ्यात हॉकी खेळून उन्हाळ्यात घरी बसायची चैन त्याला परवडणारी नव्हती. १९३१ च्या उन्हाळ्यात हॉकीच्या रिकाम्या स्टेडियममध्ये लॅक्रॉसची व्यावसायिक लीग निघाली, तर हा तिथे, आणि गुणांमध्ये सगळ्यांत पुढे. १९३२ मध्ये व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात. १९३३ मध्ये कॅनडातला पहिला व्यावसायिक फुटबॉल संघ उभा करण्यात पुढाकार. लोक त्याला बिग ट्रेन म्हणायचे. सहा फुटांवर उंची, ८८ किलोच्या आसपास वजन, आणि एकदा सुटला की कोणी आडवं येऊ नये.

पण खरं सांगू का, बर्फावर ही ट्रेन पॅसेंजर होती, एक्सप्रेस नव्हती. सोळाव्या वर्षी स्केटिंग शिकलेल्याला ज्यांनी चौथ्या वर्षी स्केट घातले त्यांची चपळाई कुठून येणार? हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने डोकं चालवलं. तो बचावफळीत खेळायचा. समोरचा पळून पुढे जाणारच, तर त्याच्या मागे धावून उपयोग नाही. त्याला अशा कोनात गाठायचं की त्याला आतल्या बाजूला जागाच उरू नये, गोलपासून लांब कडेला जावं लागावं. आणि त्याने मारलाच, तर गुडघ्यावर बसून पक अंगावर घ्यायचा. आज हे सर्रास दिसतं, पण बचावातल्या खेळाडूने नेमाने असा पक अडवायची सुरुवात ज्यांनी केली त्यात त्याचं नाव घेतात. टणक गोठवलेल्या रबराची चकती वेगाने अंगावर घेणं म्हणजे काय, याचा हिशोब त्याच्या तोंडावर लिहिलेला होता. नाक आठ वेळा मोडलं, टाके तर शेकड्यांनी. आपण इंजिनिअर लोक मर्यादा आणि डिझाइन यांवर पेपर लिहितो. त्याने आपली मर्यादा मोजली आणि तिच्याभोवती आपला खेळ डिझाइन केला. मला हे त्याच्या सगळ्या कपांपेक्षा मोठं वाटतं.

कप पण मिळालेच. १९३३ मध्ये तो शिकागो ब्लॅक हॉक्सकडे गेला आणि १९३४ मध्ये त्या संघाने स्टॅन्ली कप जिंकला. त्या मोसमात लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या हार्ट ट्रॉफीच्या मतदानात तो दुसरा आला. लगेच त्याला पुन्हा मरून्सला देण्यात आलं आणि १९३५ मध्ये मरून्सने स्टॅन्ली कप जिंकला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगळ्या संघांबरोबर. १९३५ च्या फायनलला समोर होता टोरोंटो मेपल लीफ्स, आणि त्या संघाचा सगळ्यात धडाडीचा गोल मारणारा कोण? चार्ली कॉनाकर, याचाच सख्खा धाकटा भाऊ! मरून्सने सलग तीन मॅच जिंकून निकाल लावला. त्या वर्षी त्यांच्या घरी जेवायच्या टेबलावर काय वातावरण असेल देव जाणे.

१९३७ मध्ये तो थांबला. त्या शेवटच्या मोसमातही हार्ट ट्रॉफीच्या मतदानात तो दुसराच होता, म्हणजे लोकांनी काढायच्या आधी स्वतः निघाला. एन.एच.एल.मध्ये ४९८ मॅच, ८० गोल, १०५ गोलसाठी पास.

आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, तो निवडणुकीला उभा राहिला. ओंटारिओच्या प्रांतिक विधानसभेत टोरोंटोच्या ब्रॅकनडेल मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे निवडून आला. आता मला ठाऊक आहे, तुमच्या मनात काय आलं. खेळाडू झाला, नाव झालं, आता खुर्ची. माझ्याही मनात तेच आलं होतं. पण त्याने तिथे काय मागितलं ते पाहिलं आणि मत बदललं. बागांमध्ये, मोकळ्या जागांवर पोरांसाठी खेळायची सोय हवी, यासाठी तो भांडला. बॉक्सिंगमधली लबाडी मोडून काढायच्या मागे लागला. प्रांताच्या क्रीडा आयोगाचा अध्यक्ष झाला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या हवाई दलाच्या क्रीडा आणि करमणूक विभागाचं काम त्याने पाहिलं. आपल्या माणसाला ज्या गोष्टीतलं कळत होतं तीच त्याने धरून ठेवली. ज्या मुख्याध्यापकांनी त्याच्या गल्लीतल्या पोरांना मैदान दिलं त्यांचंच गणित तो मोठ्या वहीत मांडत होता, असं मला वाटतं.

१९४३ च्या निवडणुकीत ब्रॅकनडेलची जागा दुसऱ्या पक्षाच्या रे लकॉक यांच्याकडे गेली. ओंटारिओच्या विधानसभेत निवडून आलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक. १९४५ मध्ये कॉनाकर देशाच्या संसदेसाठी टोरोंटोच्याच ट्रिनिटी मतदारसंघातून उभा राहिला आणि पडला. पडला म्हणून घरी बसला नाही. १९४९ मध्ये तिथूनच पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. १९५३ मध्ये पुन्हा निवडून आला. मला वाटतं ज्या माणसाने पक अंगावर घ्यायची सवय लावून घेतली त्याला एका निवडणुकीचा मार काय!

१९५० मध्ये कॅनडाच्या पत्रकारांनी पन्नास वर्षांतला देशातला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडायचं ठरवलं. नाव निघालं कॉनाकरचं. आपल्याकडे म्हणतात ना, एक ना धड भाराभर चिंध्या. माझ्या मावशीने मला ही म्हण इतक्या वेळा ऐकवली आहे की ती माझ्यासाठीच बनवली असावी. पण हा माणूस त्या म्हणीत बसत नाही. त्याने जो खेळ धरला त्यात तो धडच होता.

आता शेवट. हाच तो शेवट, ज्यामुळे मी विश्वकोशाचं ते पान बंद करू शकलो नाही.

ओटावाला संसदेच्या इमारतीसमोर मोठी हिरवळ आहे. तिथे दर वर्षी खासदार आणि पत्रकार यांच्यात सॉफ्टबॉलची मैत्रीची मॅच व्हायची. २६ मे १९५४ ला ती होती. दोनच दिवसांपूर्वी कॉनाकरला चोपन्न वर्षं पूर्ण झाली होती. सहाव्या डावात त्याने डावीकडे लांब फटका मारला आणि पळत सुटला. या खेळात फटका मारून एका बेसवरून पुढच्या बेसकडे पळायचं असतं. त्या फटक्यावर पहिल्या बेसला थांबला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं, मॅच मैत्रीची होती. तो थांबला नाही. दुसरा बेस ओलांडला, तिसरा गाठला. धापा टाकत तिथे उभा राहिला, आणि तोंडावर कोसळला. डॉक्टर धावले, पण अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी टोरोंटो युनिव्हर्सिटीत त्याच्या मुलीचा पदवीदान समारंभ होता.

हे वाक्य मी लायब्ररीत बसून दोन-तीनदा वाचलं. आठवीत शाळा सोडून आठवड्याला एक डॉलर कमावणारा पोरगा, आणि त्याची मुलगी ग्रॅज्युएट. मधल्या चाळीस वर्षांत मोडलेलं नाक, टाके, कुस्त्या, उन्हाळ्यात लॅक्रॉस, हिवाळ्यात हॉकी. तो कशासाठी पळत होता ते मला त्या एका वाक्यात कळलं. आणि त्याला तो समारंभ बघायला मिळाला नाही, याचं मला घरच्या माणसासारखं वाईट वाटलं.

त्याच्या मागे बऱ्याच गोष्टी घडल्या. कॅनडाच्या फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९६३ मध्ये त्याचं नाव गेलं. त्याचा मुलगा ब्रायन, जो वडील गेले तेव्हा बारा वर्षांचा होता, तो १९६७ मध्ये स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या टोरोंटो संघात होता. आइस हॉकीच्या हॉल ऑफ फेमने मात्र लायनेलला फार थांबवलं. भाऊ चार्ली १९६१ मध्ये आत गेला, लायनेल १९९४ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, आणि सगळ्यात धाकट्यांपैकी रॉय १९९८ मध्ये. ज्यांना स्केट विकत घेता येत नव्हते अशा एकाच घरातले तीन भाऊ! कॅनडातल्या वर्षाच्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला जो पुरस्कार देतात त्याला लायनेलचं नाव दिलेलं आहे. आणि टोरोंटोत त्याच्या नावाची एक बागही आहे. मला ती सगळ्यात जास्त आवडली, कारण तिथे पोरं खेळत असणार.

मी माझ्या वर्षाचा हिशोब सांगून थांबतो. कॉनाकर वाचून मी खेळायचं सोडलं नाही, आणि अभ्यास सोडून खेळाडू व्हायचंही ठरवलं नाही. माझ्यात तो खेळाडू नाही, हे मला माहीत आहे. जसं त्याला त्याचं स्केटिंग माहीत होतं. पण पाच विषय कशामुळे राहिले याचं खरं उत्तर मला त्या वर्षी सापडलं. मी सगळ्यांना सांगत होतो की खेळामुळे राहिले. खेळाचे रोजचे दोन तास होते. बाकीचे तास मी टपरीवर, कॉरिडॉरमध्ये आणि रात्री दोनपर्यंत पत्त्यांवर घालवले होते. दिवसाला दहा तास गवत वाहून नंतर खेळायला जाणाऱ्या माणसासमोर व्हॉलीबॉलच्या नावावर बिल फाडायची मला लाज वाटली.

कॉटखालची पिशवी काढली. संध्याकाळी सहा ते सव्वासात ग्राउंड, नंतर थेट रीडिंग हॉल. ज्युनिअर बॅचबरोबर बेंचवर बसलो. पाचही विषय निघाले. फार मार्कांनी नाही, एम-थ्री तर अगदी काठावर, पण निघाले.

निकाल सांगायला घरी फोन केला तेव्हा वडील ट्रॅक्टरवर होते, मागे इंजिनाचा आवाज. पास झालो म्हटलं. ते बरं म्हणाले, आणि मग त्यांनी विचारलं, अजून खेळतोस का? मी घाबरत घाबरत हो म्हटलं. थोडा वेळ नुसता इंजिनाचाच आवाज. मग म्हणाले की डिग्री द्यायचा कार्यक्रम कधी असतो ते आधीच कळव, सीझन असला तर बदली ड्रायव्हर बघावा लागतो.

तारीख अजून यायची आहे. पण मी आत्तापासूनच रोज त्यांना त्याची आठवण करून देतो.